चर्चमध्ये ऑर्गन वाजवून पोट भरतं का? (खानापूर–बेळगाव भाग)

खानापूरचा_बेस

सगळ्यांना सलाम.

वय 21, बी.कॉम.चं शेवटचं वर्ष. गाव खानापूर तालुक्यातलं, नाव नको. सातवीत असल्यापासून आमच्या देवळात कीबोर्ड वाजवतोय (आमच्याकडे जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, मलाही तीच सवय). दोन वर्षांपासून नाताळचा गायकवृंदही माझ्याच गळ्यात पडलाय. 14 जण आहेत, त्यातले 9 सरावाला येतात आणि 14 च्या 14 फोटोला येतात.

दोन गीतांना स्वतः चाली लावल्या. एक कापणीच्या सणाला म्हटलं, तर एका आजींनी विचारलं, "हे कुठल्या पुस्तकातलं रे?" शिवी की शाबासकी, अजून कळलेलं नाही.

मोबाईलवर बघतो की युरोप-अमेरिकेत एकच माणूस ऑर्गन वाजवतो, गायकवृंद बसवतो, रविवारसाठी नवीन संगीत लिहितो, आणि त्याला त्याचा पगार मिळतो. आपल्याकडे असं कुणी केलंय का? बाबा म्हणतात बँकेची परीक्षा दे. मला वाटतं दोन-तीन वर्षं बेंगळूर किंवा गोव्याला जाऊन नीट शिकावं. पायाने वाजवायचा ऑर्गन मी आजवर फक्त स्क्रीनवर पाहिलाय. खरं काय ते सांगा, उगाच धीर देऊ नका.

---

टिळकवाडी_टेनर

परीक्षा दे.

12 वर्षं वाजवून मला मिळालेलं मानधन: दोन शाली, तीन भिंतीवरची घड्याळं, दर नाताळला प्लम केक. घड्याळांपैकी एक चालतं.

---

पायपेटी_काका

टेनरसाहेबांची घड्याळं तरी वाजतात. माझ्याकडच्या एकाचे काटे मी रीड (पेटीतल्या आवाज काढणाऱ्या पितळी पट्ट्या) साफ करायला काढून घेतले, पातळ पत्र्याचे होते, छान कामाला आले.

बाळा, मी 41 वर्षं वाजवलं. बेळगावात, कॅम्पात, आणि बोलावलं तिथं. सकाळी मराठी उपासना, मग कन्नड, संध्याकाळी इंग्रजी. पोटासाठी सरकारी खात्यात कारकुनी केली, तिथूनच निवृत्त झालो. तेव्हा "पोट भरतं का" याचं उत्तर तुला मिळालंच. पण तू विचारलंयस तेवढंच नाही त्यात, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी ते परदेशाचं. पगार मिळतो, खरं आहे, पण तिथंही हिशोब सरळ नव्हता. जर्मन रचनाकार बाखचं घे. 1723 पासून मरेपर्यंत, म्हणजे 1750 पर्यंत, तो लाइपझिगला कँटर होता. मुलांना गाणं शिकवायचं, रविवारचं संगीत लिहायचं, बसवायचं, सगळं त्याच्याकडे. आणि त्या जागेसाठी तिथल्या नगरपरिषदेची पहिली पसंती तो नव्हताच. टेलेमान आणि ग्राउपनर हे दुसरे दोन संगीतकार आधी. टेलेमान आला नाही, ग्राउपनरला त्याच्या मालकाने सोडलं नाही, मग बाख. 1730 ला त्याने एका जुन्या मित्राला पत्र लिहिलं. वर्षाची मिळकत साधारण 700 थालेर (तिथलं चांदीचं नाणं), त्यातला बराच भाग लग्नं आणि दफनविधींच्या दक्षिणेचा. पुढे रडगाणं असं, की गावात हवा चांगली पडली की माणसं मरत नाहीत आणि आपलं उत्पन्न बुडतं. मागल्या वर्षी मातीच्या कामात 100 थालेरांवर खोट आली.

हे वाचलं त्या दिवशी मला फार बरं वाटलं. कारण माझाही हिशोब तोच. 1984 साली मला देवळातून महिन्याला 150 रुपये मिळायचे, आणि एका लग्नाला 100. पावसाळ्यात लग्नं नाहीत, पण म्हातारी माणसं पावसाळ्यातच जास्त जायची. मी कधी कुणाचं वाईट चिंतलं नाही. पण ऑगस्टात घराचं वाणसामान कुठून यायचं ते मला ठाऊक आहे.

दुसरा विदोर, फ्रेंच ऑर्गनवादक. पॅरिसमध्ये सँ-सुल्पिस नावाचं मोठं चर्च आहे, तिथं 1870 ला त्याला हंगामी म्हणून बसवलं. वय 25. कायम केल्याचा कागद कधी निघालाच नाही, आणि गडी 1933 संपेपर्यंत तिथंच वाजवत होता. 63 वर्षं हंगामी! आमच्या खात्यात असता तर युनियन काढली असती.

आता आपल्याकडचं. तुला तीन कामं एकात हवीत: वादक, गायकवृंदाचा मास्तर, आणि रचनाकार. तिन्ही वेगळी आहेत आणि तिन्हीत माणूस वेगवेगळ्या तऱ्हेने मार खातो.

वादकाचं काम म्हणजे बोटं चालवणं नव्हे. मंडळीला श्वास कुठं घ्यायचा ते सांगणं. तू ओळीच्या शेवटी हात उचलला नाहीस तर तिसऱ्या कडव्याला सगळी देऊळभर माणसं धापा टाकतात आणि मग म्हणतात, "गीत फार लांब होतं." गीत लांब नसतं, वाजवणारा निर्दयी असतो. मला हे कुणी शिकवलं नाही. माझ्या आधी जे गृहस्थ वाजवायचे त्यांच्या शेजारी बसून मी पानं उलटायचो. ते वाजवताना स्वतः ओठ हलवून अख्खं गीत म्हणायचे, आवाज न काढता. मला वाटायचं दात नाहीत म्हणून तोंड हलतंय. 1975 च्या पावसाळ्यात ते तापाने पडले आणि मला 14 व्या वर्षी बाकावर बसवलं. पहिल्याच गीताला मंडळी माझ्या पुढं अर्धी ओळ गेली. दुसऱ्याला मी ओठ हलवले. तेव्हा कळलं.

त्यातही आपल्या भागाची एक गंमत आहे. त्याच चालीवर सकाळी मराठी, मग कन्नड म्हणायचं. कन्नड शब्द बहुतेक स्वरावर संपतो, त्यामुळे ओळीच्या टोकाला आवाज आपोआप उघडा राहतो. मराठीत "देव" म्हणताना बोलण्यात आपण "व" वर थांबतो, पण गाताना तो "देवऽ" करावा लागतो, आणि तो अ किती लांबवायचा यावर प्रत्येक म्हातारीचं स्वतंत्र मत असतं. कन्नड उपासनेला मी ओळीच्या शेवटचा स्वर पूर्ण धरायचो, मराठीला किंचित आधी सोडायचो. हे कुठल्या परीक्षेत विचारत नाहीत.

वाद्याचं म्हणशील तर माझं सगळं आयुष्य पायपेटीवर गेलं. दोन्ही पायांनी भाता मारायचा, गुडघ्याने आवाज वाढवायचा, हात वर मोकळे. पायांनी वाजवायची पट्टी वेगळी, ती पाईप ऑर्गनला असते. मी ती पहिल्यांदा पाहिली ती मुंबईला, होली नेम कॅथेड्रलमध्ये, तिशी उलटल्यावर. तिथल्या भल्या माणसाने बसू दिलं. बूट काढून पाय ठेवले आणि अंधारात शेजाऱ्याच्या जिन्यावरून चालल्यासारखं झालं. बेस आजवर मी डाव्या हाताच्या करंगळीने वाजवलेला, तो पायांनी वाजायला लागल्यावर डावा हात रिकामा पडला. त्या रिकाम्या हाताचं काय करायचं तेच मला कळेना. पाच मिनिटांत उठलो. लाज वाटली, पण बरंही वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग 1990 नंतर कीबोर्ड आले. एका मंडळीच्या कमिटीने (कुठल्या ते विचारू नको) माझी पायपेटी उचलून मागच्या खोलीत टाकली आणि कीबोर्ड आणला, का, तर त्यात आपोआप ढोल वाजतो. त्यावर मी एक लग्न वाजवलं. आदल्या दिवशी कुणीतरी पोराने ट्रान्सपोजचं (अख्खी पट्टी वर-खाली सरकवायचं) बटण चार वर ठेवलेलं. मला पत्ता नाही. नवरी दारात, मी सुरुवात केली, कानाला काहीतरी टोचलं पण हात थांबेनात. गायकवृंद आत आला आणि सोप्रानोच्या (सगळ्यात वरच्या आवाजाच्या) पोरी थेट छताला चिकटल्या. शेवटच्या ओळीला त्यातल्या दोघी नुसत्या तोंड उघडून उभ्या होत्या. नवऱ्याचा बाप नंतर म्हणाला, "आज फार वर नेलंत हो गीत." मी म्हटलं, स्वर्गाच्या दिशेने. तेव्हापासून आजतागायत बाकावर बसलो की प्रार्थना नंतर, ट्रान्सपोज आधी.

आणि वीज. भर नाताळच्या उपासनेत वीज गेली की कीबोर्ड म्हणजे फळकूट. मग तीच कमिटी मागच्या खोलीतून पायपेटी ओढत आणते, झुरळं झटकत.

आता तुझं आवडीचं, चाली. इथं मी जरा तोंड सोडणार आहे.

आपल्याकडे इंग्रजी चालीवर बसवलेली मराठी गीतं पुष्कळ. सगळ्यात जास्त चालणारं इंग्रजी मापच घे, ओळीत 8, मग 6, पुन्हा 8, 6 अक्षरं. त्यात पहिलं अक्षर हलकं, दुसऱ्यावर जोर, पुन्हा हलकं, पुन्हा जोर. इंग्रजीला ते चालतं. आता त्याच्या सुरुवातीला "जीवन" शब्द घाल. जी दीर्घ, पण पडला हलक्या मात्रेवर. जोर आला "व" वर. मंडळी म्हणते "जिवाऽन". "मरण" घाल, ते होतं "मराऽण". पिढ्यान् पिढ्या आपण जिवान आणि मराण म्हणत आलोय आणि कुणाला काही वाटत नाही. नारायण वामन टिळकांनी अभंग आणि ओवी धरली ती उगाच नाही. मोठ्या अभंगाचे चरण 6, 6, 6, 4 अक्षरांचे; तो शेवटचा चारचा तुकडा आला की माणूस आपोआप टेकतो. बायकांनी जात्यावर ओवी म्हटली ती श्वासाच्या मापानेच. जोर कुठं द्यायचा हे भाषा सांगते, चाल ऐकते.

म्हणून तू चाल लावशील तेव्हा आधी ओळ दहा वेळा बोल. गाऊ नको, बोल. जसं तुझी आई बोलेल तसं. मग पेटीला हात लाव. आणि चार आवाजांत लिहायला शीक. सोप्रानोला चाल देऊन बाकीच्या तिघांना नुसतं "आ आ" देऊ नको. आल्टोवाल्या (खालच्या आवाजाच्या) बायका आयुष्यभर एकाच स्वरावर उभ्या असतात बिचाऱ्या. त्यांना एक तरी वळण दे.

मी 60-70 गीतं लिहिली. त्यातली चारेक अजून म्हणतात. एक तर इतकं पसरलं की एका पत्रिकेत छापून आलं. खाली नाव काय, तर "पारंपरिक". मी तेव्हा त्याच देवळात, त्या पत्रिकेपासून दहा फुटांवर बसून ते वाजवत होतो. जिवंतपणी पारंपरिक झालो, मर्दा. त्यामुळे तुझ्या आजींचा प्रश्न शाबासकीच समज, पण कागदावर नाव आणि तारीख घालत जा.

---

शहापूरची_पेटी

मी ख्रिस्ती नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. आम्ही हार्मोनियमवाले आणि तुम्ही ऑर्गनवाले चुलतभाऊच की. देबँ नावाच्या माणसाने पॅरिसला 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, ते वाद्य पायांनी भाता मारायचंच होतं. आपण ते जमिनीवर बसवलं आणि भाता मागे हाताशी आणला, कारण आपल्याला एका हातात चाल पुरते. तुम्हाला चार आवाज लागतात, म्हणून तुमचे दोन्ही हात वर अडकले.

आमच्या संगीत नाटकातही ऑर्गनच असायचा, पायपेटी. आणि संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले ते आपल्याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला. काकांनी मघाशी अक्षराच्या जोराचं सांगितलं ना, नाट्यपदांतही तीच भानगड असते. साकी-दिंडी (जुनी मराठी वृत्तं) चालीतून सरळ म्हटली जाते, पण ठुमरीच्या चालीवर मराठी शब्द बसवले की ओढाताण दिसते.

पोटापाण्याचं म्हणाल तर बेळगावात रामभाऊ विजापुऱ्यांनी (1917–2010) पेटीवर अख्खं आयुष्य काढलं, शिष्य घडवले. आणि ते अशा काळात, जेव्हा आकाशवाणीने हार्मोनियमवर बंदी घातलेली, 1940 ते 1971. रेडिओचं दार बंद असताना माणूस पेटीवर उभा राहू शकतो, तर चर्चचं दार तुला उघडंच आहे. फक्त त्यांचा पाया शिकवणीचा होता, हे विसरू नको. नुसती शिकवणी लावू नको, शिकवणी घेणारा हो.

---

आल्टो_पणजी_मार्गे_बेळगाव

काका, आल्टोबद्दल बोललात, पाया पडते.

मी कॅथलिक, माहेर बेळगाव, सासर गोवा. पाश्चात्त्य संगीत शिकवते, त्यावरच घर चालतं, तेव्हा थोडं व्यवहाराचं.

गोव्यात पूर्वी गावच्या चर्चला मेस्त असायचा. तो पोरांना स्वरलिपी वाचायला शिकवायचा, व्हायोलिन शिकवायचा आणि रविवारी त्याच पोरांना घेऊन वाजवायचा. तुला हवी ती तिन्ही कामं एकाच माणसात. हिंदी सिनेमातले वादनरचनाकार अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याच्या अशाच एका चर्चच्या मेस्ताचे चिरंजीव. बाप चर्चमध्ये, मुलगा मुंबईच्या स्टुडिओत. विद्या तीच, पगार देणारा बदलला.

तर तुला आज पगार कोण देईल? चर्च नाही. शाळा देईल, आणि शिकवणीला येणाऱ्या पोरांचे आईबाप देतील. त्यांना प्रमाणपत्र लागतं. ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या किंवा ए.बी.आर.एस.एम. या ब्रिटिश संगीत परीक्षा मंडळाच्या परीक्षा, पहिली ते आठवी ग्रेड, त्या भारतातच देता येतात. तू दहा वर्षं वाजवतोयस, पहिलीपासून सुरू करायची गरज नाही, थेट वरची ग्रेड देता येते. पण ए.बी.आर.एस.एम.ची सहावी ते आठवी द्यायची तर आधी त्यांची थिअरीची पाचवी लागते, आणि कानाने वाजवणारी सगळी पोरं तिथंच अडकतात. तूही अडकशील, म्हणून थिअरी आत्ता सुरू कर. खास ऑर्गनची पदविका म्हणजे लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑर्गनिस्ट्सची, पण पायाच्या पट्टीवर रोज सराव नसेल तर तो विचार सध्या बाजूला ठेव.

बी.कॉम. सोडू नकोस. पणजीला कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत शिकवतात, चौकशी कर. खानापूरहून बेंगळूरपेक्षा जवळ.

आणि ते "पारंपरिक" प्रकरण. काका, आपल्या कायद्यात रचनेवरचा हक्क रचनाकार हयात असेपर्यंत आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. नोंदणी केलीच पाहिजे असं नाही, रचना कागदावर उतरली की हक्क तुमचा. पण वाद झाला तर कागद तुमच्याकडे हवा. पुढच्या छपाईच्या आधी एक पत्र टाका की.

---

पायपेटी_काका

पत्र कुणाला टाकू बाई, छापणारे माझ्याच बहिणीच्या घरात आहेत. नाताळला पुरणपोळीबरोबर विषय काढतो आणि तोंड भरलं की विसरतो.

---

खानापूरचा_बेस

सगळ्यांचे आभार. टेनरकाका, तुमचेही.

बाबांना हा धागा वाचून दाखवला. मातीच्या पैशाचं आलं तिथं ते हसले, म्हणजे अर्धं काम झालं. ठरलं असं: परीक्षेचा अर्ज भरतोय, आणि थिअरीची पाचवीही. दोन्हींत जे आधी लागेल ते.

काका, एक विचारायचं होतं. गीताची ओळ आईकडून बोलवून घेतली. "तुझ्या दारी आलो" ही ओळ. ती "दारी" वर थांबली, आणि मी चालीत "तुझ्या" वर थांबलोय. म्हणजे चाल बदलायची की शब्द?

---

पायपेटी_काका

आई बरोबर आहे. चाल बदल. "तुझ्या" ला दोन छोट्या मात्रा देऊन सोडून दे, "दारी" ला जागा दे. आणि "आलो" ला खाली ये, वर जाऊ नको. दारात आलेला माणूस ओरडत नाही.

शनिवारी संध्याकाळी बेळगावला येणं होतं का बघ. ती मागच्या खोलीतली पायपेटी आता माझ्या घरी आहे, कमिटीने भंगारात काढली तेव्हा मी टेम्पो लावून आणली. भाता ठीक आहे, कातडं नवीन घातलंय. पावसाळ्याआधी आत एक बल्ब लावून ठेवतो, ओल धरत नाही. फक्त मधल्या सप्तकातला एफ शार्प वाजत नाही, रीडखाली कचरा अडकलाय आणि माझी नजर आता तेवढी चालत नाही. येताना एक जुना टूथब्रश आण.

---

खानापूरचा_बेस

येतो काका. चारच्या गाडीने. ब्रश मऊ की कडक?

---

पायपेटी_काका

मऊ. पितळ आहे ते, दात नव्हेत.

---

टिळकवाडी_टेनर

मीही येतो. बंद पडलेली दोन घड्याळं घेऊन येतो, काट्यांसाठी.